तारा बदलला की यंत्र?

सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात एक प्रसंग जवळजवळ रोज घडतो. साठीतले एक काका रक्तदाब मोजून घेतात आणि आकडा ऐकून चपापतात. ‘‘सिस्टर, परवा आमच्या गल्लीतल्या दवाखान्यात एकशे साठ निघाला होता. आज तुम्ही एकशे बेचाळीस म्हणताय. मग खरा कुठला?’’ सिस्टर त्यांना पाच मिनिटे शांत बसायला सांगतात आणि दुसरे यंत्र आणून पुन्हा मोजतात. या वेळी एकशे छत्तीस. काकांचा गोंधळ आणखी वाढतो.

डॉक्टरांपुढे मात्र नेमका प्रश्न असतो. रक्तदाब खरोखर उतरला आहे, की तीन यंत्रे तीन भाषा बोलत आहेत? पहिले खरे असेल तर गोळी तशीच चालू ठेवायची. दुसरे खरे असेल तर यंत्र तपासायला पाठवायचे. या दोन गोष्टींची गल्लत झाली तर निरोगी माणसाला औषध मिळते आणि आजारी माणूस औषधाविना घरी जातो.

हाच प्रश्न जमिनीपासून ६५० किलोमीटर उंचीवरही रोज विचारला जातो. तिथे रुग्ण हजारो प्रकाशवर्षे दूर असतो, यंत्र उपग्रहावर बसवलेले असते आणि ‘दुसरे यंत्र आणा’ म्हणायची सोय नसते. २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोटा येथून ‘पीएसएलव्ही-सी३०’ने अवकाशात नेलेला ‘अॅस्ट्रोसॅट’ हा भारताचा पहिला खगोलीय वेधशाळा-उपग्रह. त्यावरच्या क्ष-किरण उपकरणांच्या उभारणीत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा, म्हणजे टीआयएफआरचा, सिंहाचा वाटा आहे. पुण्याची ‘आयुका’ही या प्रकल्पात सहभागी आहे. ही उपकरणे खरे बोलतात का, हे तपासत राहणे हे उपकरण बनवण्याइतकेच मोठे काम आहे. त्याविषयी मात्र फारसे बोलले जात नाही.

ताऱ्यांचा एक्स-रे

रुग्णालयात क्ष-किरण आपण तयार करतो, ते शरीरातून आरपार सोडतो आणि पलीकडे सावली टिपतो. खगोलशास्त्रात उलटे असते. क्ष-किरण तारा स्वतःच पाठवतो, आपण फक्त झेलायचे. पृथ्वीचे वातावरण हे किरण शोषून घेते. आपल्या आरोग्याच्या दृष्टीने ते उत्तमच, पण त्यामुळे ते झेलायला वातावरणाच्या वर जावे लागते.

किरण किती आले, एवढे मोजून भागत नाही. आलेल्या प्रत्येक किरणकणाची, म्हणजे फोटॉनची, ऊर्जा किती होती हेही कळावे लागते. ही ऊर्जा किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये, म्हणजे केईव्हीमध्ये मोजतात. रुग्णालयातल्या एक्स-रे यंत्रातले बहुतेक किरण काही दहा केईव्हींचे असतात. अॅस्ट्रोसॅटची उपकरणे मिळून ०.३पासून दीडशे केईव्हीपर्यंतचा पट्टा पाहू शकतात.

ऊर्जेच्या आकड्यावर किती काही अवलंबून असते, हे समजायला एक ‘रुग्ण’ पाहू. शौरी तारकासमूहात, सुमारे २० हजार प्रकाशवर्षांवर ‘हर्क्युलिस एक्स-१’ नावाचा न्यूट्रॉन तारा आहे. तो सव्वा सेकंदात स्वतःभोवती एक फेरी मारतो आणि शेजारच्या ताऱ्याचा वायू ओढून घेतो. हा वायू त्याच्या चुंबकीय ध्रुवांवर कोसळतो आणि तिथून क्ष-किरण निघतात. त्या प्रचंड चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉन ठरावीक गतीनेच गिरक्या घेऊ शकतात आणि ठरावीक ऊर्जेचेच फोटॉन गिळतात. त्यामुळे ताऱ्याच्या वर्णपटात त्या ऊर्जेपाशी एक खाच पडते. १९७६ साली बलूनवरून पाठवलेल्या उपकरणाने याच ताऱ्यात ती प्रथम दिसली.

ही खाच म्हणजे ताऱ्याच्या चुंबकीय क्षेत्राची थेट मोजणी आहे. ती जितक्या वरच्या ऊर्जेवर, तितके क्षेत्र बलवान. हर्क्युलिसच्या बाबतीत उत्तर येते ते तीन-चार लाख कोटी गॉसच्या आसपास. तुलनेसाठी, १.५ टेस्लाच्या एमआरआय यंत्राचे क्षेत्र १५ हजार गॉस असते आणि पृथ्वीचे साधारण अर्धा गॉस.

पुढे एक चमत्कारिक गोष्ट लक्षात आली. १९९६ ते २०१२ या काळातल्या वेगवेगळ्या उपग्रहांच्या नोंदी एकत्र मांडल्या, तेव्हा ही खाच हळूहळू खाली सरकताना दिसली. १६ वर्षांत ती ४ केईव्हीहून थोडी जास्त घसरली होती, म्हणजे मूळ आकड्याच्या सुमारे दहा टक्के. न्यूट्रॉन ताऱ्याचे चुंबकीय क्षेत्र इतक्या थोड्या वर्षांत बदलणे अपेक्षित नसते. ताऱ्याच्या आयुष्यात १६ वर्षे म्हणजे डोळ्याची पापणी लवण्याइतकाही वेळ नव्हे.

मग बदलले कोण? तारा, की त्याला पाहणारी यंत्रे?

भाजीवाल्याचा काटा

हे समजायला डिटेक्टर ऊर्जा कशी मोजतो, ते पाहावे लागेल. अॅस्ट्रोसॅटवरच्या ‘एसएक्सटी’ या दुर्बिणीत सिलिकॉनची सीसीडी चिप आहे. जुन्या डिजिटल कॅमेऱ्यात असायची, त्याच जातीची. क्ष-किरणाचा एक फोटॉन सिलिकॉनमध्ये थांबला की त्याच्या ऊर्जेच्या प्रमाणात इलेक्ट्रॉन मोकळे होतात. सरासरी दर ३.६५ इलेक्ट्रॉनव्होल्टला एक. म्हणजे ५.९ केईव्हीच्या फोटॉनमागे साधारण सोळाशे इलेक्ट्रॉन. हा इवलासा विद्युतभार इलेक्ट्रॉनिक्स वाढवते, मोजते आणि शेवटी एक पूर्णांक देते. त्याला चॅनेल म्हणतात. जमिनीवर येतो तो हा चॅनेल क्रमांक. कुठल्याही फोटॉनवर ‘मी अमुक केईव्हीचा’ असे लिहिलेले नसते.

चॅनेल आणि ऊर्जा यांच्यातल्या नात्याला ‘गेन’ म्हणतात. एका केईव्हीला किती चॅनेल, हा तो हिशेब.

भाजीवाल्याचा स्प्रिंगचा काटा आठवा. त्यात दोन तऱ्हेचे दोष येतात. पारडे रिकामे असतानाच काटा शून्याऐवजी पन्नास ग्रॅमवर उभा असतो. ही शून्याची चूक. किंवा शून्य बरोबर असते, पण स्प्रिंग सैल पडल्याने नऊशे ग्रॅमला किलो दाखवतो. ही प्रमाणाची चूक. पहिली सर्वत्र सारखी राहते, दुसरी वजनाबरोबर वाढत जाते. वैधमापन खात्याचा निरीक्षक म्हणूनच एकच वजन ठेवून निघून जात नाही. लहानमोठी अनेक प्रमाणित वजने ठेवून पाहतो आणि मगच शिक्का मारतो.

डिटेक्टरचेही तसेच. ऊर्जा पक्की माहीत असलेले फोटॉन त्यावर टाकायचे, ते कुठल्या चॅनेलवर पडतात ते पाहायचे आणि नाते ठरवायचे. यालाच गेनचे कॅलिब्रेशन, म्हणजे अंशशोधन म्हणतात. उड्डाणाआधी प्रयोगशाळेत हे काम वेगवेगळ्या तापमानांना कसोशीने केले जाते. अडचण सुरू होते ती उड्डाणानंतर, कारण तिथे काटा सरकत राहतो.

काटा का सरकतो?

पहिले कारण तापमान. उपग्रह दिवसातून १४-१५ वेळा पृथ्वीप्रदक्षिणा करतो. प्रत्येक फेरीत ऊन आणि सावली बदलते. थंडी-उकाड्याने इलेक्ट्रॉनिक्सची वाढवण्याची क्षमता किंचित बदलते आणि तोच फोटॉन शेजारच्या चॅनेलवर जाऊन पडतो. एसएक्सटीची चिप उणे ८० अंश सेल्सियसच्याही खाली थंड ठेवलेली असते. ते थंडपण सांभाळणे हा गेन सांभाळण्याचाच भाग आहे.

दुसरे कारण किरणोत्सर्ग. अवकाशातले वेगवान प्रोटॉन चिपच्या स्फटिकावर आदळून तिथे बारीक बारीक दोष निर्माण करतात. सीसीडीत इलेक्ट्रॉनची गाठोडी एका ओळीतून दुसऱ्या ओळीत, असे करत काठापर्यंत ढकलली जातात. आग विझवताना रांगेत उभे राहून पाण्याच्या बादल्या हातोहात पुढे देतात, तसेच. प्रत्येक हाताला थोडे पाणी सांडले तर रांगेच्या टोकाकडून आलेली बादली शेवटी बरीच रिकामी झालेली असते. सीसीडीतल्या दोषांमुळे इलेक्ट्रॉन असेच वाटेत अडकतात आणि फोटॉनची ऊर्जा होती त्यापेक्षा कमी भासते.

हे किती झपाट्याने घडू शकते, याचे उदाहरण सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचे नाव दिलेल्या ‘चंद्रा’ वेधशाळेने दिले. नासाची ही वेधशाळा २३ जुलै १९९९ रोजी अवकाशात गेली. तिची कक्षा लांबुळकी आहे आणि प्रत्येक फेरीत ती पृथ्वीभोवतीच्या किरणोत्सारी पट्ट्यांतून जाते. सुरुवातीच्या काही फेऱ्यांतच तिथले कमी ऊर्जेचे प्रोटॉन दुर्बिणीच्या आरशांवरून घसरत थेट मुख्य कॅमेऱ्यावर पोहोचले. कॅमेऱ्याच्या दहापैकी आठ चिप्सना इजा झाली. सप्टेंबर १९९९मध्ये ही गोष्ट ध्यानात आली. तेव्हापासून पट्ट्यांमधून जाताना कॅमेरा आरशांच्या समोरून बाजूला सरकवून ठेवतात. त्यानंतर हानीचा वेग खूपच मंदावला. झालेली इजा मात्र भरून निघाली नाही. ती गृहीत धरून प्रत्येक नोंद गणिताने सुधारावी लागते. इतके असूनही ही वेधशाळा दोन दशकांहून अधिक काळ उत्तम विज्ञान देत राहिली आहे. दुखणे जडलेला पण नियमित तपासणी करून घेणारा माणूस दीर्घायुषी होतो, त्यातलाच हा प्रकार.

सोबत नेलेली वजने

अवकाशात निरीक्षक पाठवता येत नाही. म्हणून प्रमाणित वजने उपग्रहाबरोबरच पाठवतात. ही वजने म्हणजे किरणोत्सारी मूलद्रव्यांचे कण. निसर्गाने त्यांच्या फोटॉनची ऊर्जा कायमची ठरवून दिलेली आहे. तापमान बदलो, वर्षे उलटोत, ती बदलत नाही.

एसएक्सटीत लोह-५५चे कण ठेवलेले आहेत. चिपच्या चारही कोपऱ्यांवर त्यांचा प्रकाश सतत पडत राहतो. लोह-५५चे रूपांतर मँगनीजमध्ये होते आणि ५.९ केईव्हीचा क्ष-किरण बाहेर पडतो. दुर्बीण आकाशात कुठेही पाहत असो, चारही कोपरे निमूटपणे काट्याची साक्ष देत राहतात. ५.९चा उंचवटा वर्णपटात जरा जरी सरकला तरी ते लगेच उघडकीस येते.

पण या वजनांनाही आयुष्य असते. लोह-५५चे अर्धायुष्य सुमारे २.७ वर्षे, म्हणजे इतक्या काळात त्याचा प्रकाश निम्मा होतो. फोटॉनची ऊर्जा तीच राहते, संख्या घटते. अॅस्ट्रोसॅट पाच वर्षांसाठी आखलेला होता. तेवढ्या काळात हे कण सुरुवातीच्या चौथाईवर आले. ‘चंद्रा’वरही लोह-५५च आहे. तिचा कॅमेरा बाजूला सरकवला की तो नेमका या कणासमोर येतो. संरक्षण आणि तपासणी एकाच वेळी, अशी सुरेख योजना. मात्र २५ वर्षांत नऊ अर्धायुष्ये उलटतात आणि कणाचा प्रकाश मूळच्या पाचशेव्या भागाहूनही कमी उरतो. पूर्वी थोड्या वेळात जमणारी तपासणी मग ताटकळत करावी लागते.

अॅस्ट्रोसॅटच्या ‘सीझेडटीआय’ या उपकरणात दुसरे वजन आहे, अमेरिसियम-२४१. त्याचे अर्धायुष्य ४३० वर्षांहून जास्त, त्यामुळे ते विझण्याची चिंता नाही. त्यातून साधारण ६० केईव्हीचा फोटॉन निघतो. इथे प्रश्न वेगळाच उभा राहतो. आकाशातूनही ६० केईव्हीचे फोटॉन येतच असतात. घरचे कोण आणि पाहुणे कोण, हे कसे ओळखायचे?

यावरची युक्ती मोठी चतुर आहे. अमेरिसियमचा अणू फुटताना या फोटॉनबरोबर एक अल्फा कणही बाहेर पडतो. अमेरिसियमशेजारी एक स्फटिक ठेवला आहे. अल्फा कण त्यावर आदळला की तो चमकतो. ही चमक आणि डिटेक्टरमधला फोटॉन एकाच क्षणी नोंदले गेले की त्या फोटॉनवर ‘हा घरचा’ अशी खूण केली जाते. खूण असलेले फोटॉन कॅलिब्रेशनसाठी, बाकीचे विज्ञानासाठी. एकमेकांत मिसळायचा प्रश्नच नाही.

तरीही काम सोपे होत नाही. सीझेडटीआयमध्ये कॅडमियम-झिंक-टेल्युराइड या स्फटिकाचे ६४ तुकडे आहेत आणि प्रत्येकावर २५६ घरे. म्हणजे एकूण १६ हजार ३८४ घरे, प्रत्येक घराचा गेन वेगळा. बाजारात १६ हजार काटे आणि प्रत्येकाची स्प्रिंग निराळी, अशी कल्पना करा. उड्डाणाआधी अमेरिसियम, कोबाल्ट-५७ आणि कॅडमियम-१०९ यांचे फोटॉन टाकून वेगवेगळ्या तापमानांना घराघराची नोंद केली गेली. अवकाशातले एकटे ६० केईव्हीचे वजन पुरे पडते, ते या आधीच्या नोंदवहीच्या जोरावर.

गळती लागलेली टाकी

अॅस्ट्रोसॅटवरच्या ‘लॅक्स्पीसी’ या उपकरणाची कहाणी सर्वांत बोलकी आहे. यात तीन मोठ्या बंद पेट्या आहेत आणि त्यांत मुख्यतः झेनॉन वायू वातावरणाच्या सुमारे दुप्पट दाबाने भरलेला आहे. फोटॉन वायूत शोषला गेला की इलेक्ट्रॉन सुटतात. दोन हजारांहून जास्त व्होल्टच्या तारांकडे ते धावतात, वाटेत वायूच्या अणूंना धडकून आणखी इलेक्ट्रॉन सोडवतात आणि पाहता पाहता त्यांचा लोंढा होतो. लोंढा किती मोठा होणार, हे तीन गोष्टींवर ठरते : व्होल्टेज, वायूचा दाब आणि वायूची शुद्धता. यातले काहीही बदलले की गेन बदलतो.

तपासणीसाठी इथेही अमेरिसियमच आहे. त्याचा ६० केईव्हीचा फोटॉन झेनॉनमध्ये शोषला जातो तेव्हा झेनॉन स्वतः ३० केईव्हीच्या आसपासचा एक क्ष-किरण सोडतो आणि तो अनेकदा निसटून जातो. मागे उरते ती साधारण ३० केईव्हीची नोंद. हा उंचवटा कुठल्या चॅनेलवर आहे, यावर शास्त्रज्ञांचा डोळा असतो. आयसीयूत परिचारिकेचा मॉनिटरवर असतो, तसाच.

उड्डाणानंतर या डोळ्याला एक गोष्ट खटकली. तिसऱ्या पेटीतला, म्हणजे ‘लॅक्स्पीसी-३०’मधला उंचवटा एका जागी राहत नव्हता. तो सारखा वरच्या चॅनेलकडे सरकत होता. निदान झाले ते वायूगळतीचे. दाब कमी झाला की इलेक्ट्रॉनना दोन धडकांमध्ये धावायला जास्त जागा मिळते, ते जास्त जोरात आदळतात आणि लोंढा फुगतो. म्हणजे गळती वायूची आणि वाढ आकड्याची. अंगातले पाणी कमी झालेल्या रुग्णाचे हिमोग्लोबिन कागदावर वाढलेले दिसते, पण रक्त वाढलेले नसते. हा तसलाच फसवा आकडा.

दुरुस्तीला कोणी जाऊ शकत नव्हते. जमिनीवरून आज्ञा पाठवून व्होल्टेज कमी करायचे, उंचवटा पुन्हा जागेवर आणायचा, हाच उपाय होता. वायू आणखी गळला की पुन्हा तेच. शिवाय वायू विरळ झाल्याने जास्त ऊर्जेचे फोटॉन न शोषले जाताच आरपार जाऊ लागले, म्हणजे पकडण्याची क्षमताही घटत होती. नुसता गेन सुधारून ती भरून निघत नाही. अखेर मार्च २०१८मध्ये ही पेटी बंद करण्यात आली. पहिल्या पेटीचा गेनही त्याच सुमारास अस्थिर झाला. मधल्या, ‘लॅक्स्पीसी-२०’ने मात्र विश्वासू साथ देण्याचे काम केले आणि पुढच्या अभ्यासांचा मुख्य भार तिच्यावर पडला.

यात निराश होण्यासारखे काही नाही. कॅलिब्रेशनची सोय नसती, तर लॅक्स्पीसी-३०ने पाहिलेला प्रत्येक तारा दर महिन्याला थोडा अधिक ‘तापलेला’ दिसला असता. कदाचित त्यावर शोधनिबंधही लिहिले गेले असते. छोट्या किरणोत्सारी कणाने हे टाळले. आजारी आहे हे सांगणारे यंत्र बंद करता येते. आजारी असून तब्येत ठणठणीत असल्याचे भासवणारे यंत्र जास्त घातक.

आकाशातली प्रमाणे

सोबत नेलेले वजन एकदोनच ऊर्जांवर तपासणी करते. मधल्या ऊर्जांचे काय? त्यासाठी आकाशाचीच मदत घेतात. १५७२ साली टायको ब्राहे यांनी पाहिलेल्या स्फोटाचे अवशेष आजही तप्त आहेत. त्यातले सिलिकॉन आणि गंधक आपापल्या ठरलेल्या ऊर्जांवर, म्हणजे २ केईव्हीच्या अलीकडे-पलीकडे, ठळक रेषा देतात. एसएक्सटीच्या तपासणीत या अवशेषाचा उपयोग केला गेला. १०५४ साली दिसलेल्या स्फोटातून उरलेला क्रॅब नेब्युला तर क्ष-किरण खगोलशास्त्राचा जुना मापदंड आहे. त्याचा वर्णपट गुळगुळीत असतो. त्यात कुठे खाच किंवा उंचवटा दिसला, तर तो बहुधा आपल्या उपकरणाचाच दोष असतो.

उपकरणाचे स्वतःचे घटकही खुणा ठेवून जातात. एसएक्सटीच्या आरशांवर सोन्याचा मुलामा आहे आणि चिप सिलिकॉनची. सोने २.२ केईव्हीजवळ आणि सिलिकॉन १.८४ केईव्हीजवळ वर्णपटात आपापली पायरी उमटवतात. या पायऱ्या अपेक्षित जागी दिसल्या नाहीत, की गेन किंचित सरकल्याचे कळते. अभ्यासक मग तेवढी दुरुस्ती करून पुढचे गणित मांडतात. ही दुरुस्ती साधारण वीस-तीस इलेक्ट्रॉनव्होल्टची, म्हणजे एका केईव्हीच्या शेकड्यात दोन-तीन भाग. एवढ्याशा फरकानेही पायरीच्या जागी खोटी रेषा उभी राहू शकते.

हर्क्युलिसचा निकाल

आता पुन्हा त्या रुग्णाकडे. खाच दहा टक्के घसरली होती. एखाद्या बिघडलेल्या यंत्राच्या गेनमध्येही एवढी चूक सहज पडू शकते. म्हणून संशय रास्तच होता.

पण पुरावा एका यंत्राचा नव्हता. वेगवेगळ्या देशांनी, वेगवेगळ्या पदार्थांचे डिटेक्टर वापरून बनवलेल्या उपग्रहांनी तो दिला होता. कुणात वायू, कुणात स्फटिक. प्रत्येकाचे कॅलिब्रेशन स्वतंत्र. सगळ्यांचे काटे एकाच दिशेने, एकाच वेगाने सैल पडावेत हे संभवत नाही. आणखी एक काळजी घेतली गेली. हर्क्युलिसची तेजस्विता कमी-जास्त झाली की खाचही थोडी हलते. जिने चढून आलेल्या माणसाचा रक्तदाब लगेच मोजू नये, तसे वेगवेगळ्या तेजस्वितेचे आकडे थेट एकमेकांशी ताडून पाहायचे नसतात. सर्व नोंदी एकाच तेजस्वितेवर आणून मग तुलना केली. तरीही घसरण उरलीच. यंत्र निर्दोष ठरले. बदल ताऱ्याचा होता.

पुढे आणखी एक वळण आले. २०१२ ते २०१९ या काळात ‘नूस्टार’ या उपग्रहाने पुन्हा पुन्हा नोंदी घेतल्या. त्यांतून दिसले की जवळपास २० वर्षे चाललेली घसरण २०१२च्या सुमारास थांबली आणि त्यानंतर खाच ३७ केईव्हीच्या थोडी वर स्थिर आहे. पुण्याच्या आयुकातील संशोधकांचा सहभाग असलेल्या एका अभ्यासात अॅस्ट्रोसॅटच्या नोंदीही या हिशेबात जोडल्या गेल्या. संपूर्ण ताऱ्याचे चुंबकीय क्षेत्र बदलले असे यातून कोणी मानत नाही. ध्रुवांवर साठत जाणाऱ्या वायूच्या ढिगाऱ्यात काहीतरी घडले असावे, असा विचार पुढे आला आहे. पण तो विचार करता आला, कारण आधी यंत्रावरचा संशय फिटला होता.

पुन्हा रुग्णालयात

ही शिस्त रुग्णालयातही आहे, फक्त ती रुग्णाच्या नजरेस पडत नाही. न्यूक्लिअर मेडिसिन विभागात गॅमा कॅमेरा असतो. रुग्णाला दिलेल्या टेक्नेशियममधून निघणारे फोटॉन १४० केईव्हीचे असतात. सकाळी पहिला रुग्ण घेण्याआधी तंत्रज्ञ १४०चा उंचवटा आपल्या जागी आहे ना, हे पाहतो. हे गेनचेच कॅलिब्रेशन. हृदयाच्या तपासणीसाठी आलेल्या नव्या गॅमा कॅमेऱ्यांत तर अॅस्ट्रोसॅटवर आहे तोच कॅडमियम-झिंक-टेल्युराइडचा स्फटिक वापरतात. सीटी स्कॅनर पाण्याने भरलेल्या भांड्यावर तपासतात. पाण्याचा आकडा शून्य आणि हवेचा उणे हजार यायलाच हवा, मग फुप्फुसातल्या गाठीच्या आकड्याला अर्थ येतो.

हर्क्युलिसचा प्रश्न जसाच्या तसा भेटतो तो हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा यंत्रापाशी. रजोनिवृत्तीनंतरच्या एखाद्या बाईंची घनता दोन वर्षांत तीन टक्क्यांनी घटली, असा अहवाल येतो. हाडे ठिसूळ होत आहेत, की यंत्राचा काटा सैल पडला आहे? उत्तरासाठी त्या विभागात मणक्याची एक कृत्रिम प्रतिकृती ठेवलेली असते. तिची घनता कधीच बदलत नाही. तिचे नियमित मोजमाप घेऊन तक्त्यावर ठिपका टाकला जातो. ठिपक्यांची ओळ सरळ असेल तर बाईंची हाडे खरोखर कमकुवत झाली आहेत. ओळ कलली असेल तर आधी यंत्राकडे पाहायचे. याच कारणासाठी पुढची तपासणी शक्यतो त्याच यंत्रावर करायला सांगतात.

घरात रक्तदाबाचे किंवा साखरेचे यंत्र असेल तर यातला धडा सोपा आहे. वर्षातून एकदा तरी ते यंत्र दवाखान्यात नेऊन तिथल्या यंत्राशी ताडून पाहावे. रक्तदाब मोजण्याआधी पाच मिनिटे शांत बसावे, दंडाच्या मापाचा पट्टा वापरावा, दर वेळी त्याच यंत्रावर मोजावे आणि आकडे तारखेसह वहीत लिहावेत. एकट्या आकड्यावरून गोळी वाढवू किंवा बंद करू नये. ते डॉक्टरांवर सोपवावे आणि वही मात्र सोबत न्यावी.

त्या काकांनाही सिस्टरनी शेवटी हेच सांगितले. ‘‘काका, घरचं मशीन आहे ना? उद्या येताना घेऊन या. आपण दोन्ही एकदम लावून बघू.’’ काका दुसऱ्या दिवशी पिशवीतून यंत्र घेऊन आले. सिस्टरनी ते रुग्णालयातल्या तपासून घेतलेल्या यंत्राशेजारी ठेवले आणि आळीपाळीने तीन-तीनदा मोजले. घरचे यंत्र दर वेळी दहा-बाराने जास्त दाखवत होते. काकांनी खिशातून पेन काढले आणि वहीच्या पहिल्या पानावर, औषधांच्या यादीच्याही वर, तेवढे लिहून ठेवले.